तेजी किती दिवसांची?

(बिलोली इथे तालुक्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यातल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, दारू, मारहाण, सातबाऱ्यावर नाव हे आमचे प्रश्न. त्यात शेअर बाजार कुठून आला?" त्याचं उत्तर आधी देते.

सल्ला केंद्रात काम करताना गेल्या काही वर्षांत एक नव्या तऱ्हेची तक्रार आमच्यासमोर येते आहे. नवरा पीत नाही, हात उगारत नाही, संध्याकाळी घरी असतो. पण सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. हळूहळू बाईची पोत गहाण पडते, मग पाटल्या. मुलीच्या फीचे पैसे कुठे गेले विचारलं, तर उत्तर मिळतं, "थांब, तेजी येणार आहे." बाई गप्प बसते. तेजी-मंदी ही पुरुषांची विद्या, आपल्याला त्यातलं काय कळतं, असं तिला वाटतं. आज मला एवढंच दाखवायचं आहे की यातलं जे महत्त्वाचं आहे ते आपल्याला चांगलं कळतं. मोंढ्यावर माल घातलेल्या घरातल्या बाईला तेजी-मंदी कुणी शिकवायची गरज नाही.

मोंढ्यावरचा धडा

२०२१ चा ऑगस्ट आठवा. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. सगळीकडे एकच चर्चा, सोयाबीनला तेजी. पण तेव्हा घरात सोयाबीन होतं कुणाच्या? आपलं पीक शेतात उभं होतं. त्याच महिन्यात सरकारने बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. दसऱ्याच्या सुमाराला आपली रास झाली तेव्हा भाव पाच-सहा हजारांच्या घरात आला होता, आणि भिजलेल्या मालाला त्याहून कमी. मग तेजी होती की नव्हती? व्यापाऱ्याला ऑगस्टमध्ये होती. आपल्याला ऑक्टोबरमध्ये नव्हती. माल तोच, वर्ष तेच.

कापसाचं उलटं झालं. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला, पण बहुतेकांनी त्याआधीच विकून टाकला होता. पुढच्या हंगामात लोकांनी ठरवलं, यंदा घाई नको. कापूस घरात भरून ठेवला. तो महिनोन् महिने घरात राहिला, बायालेकरांच्या अंगाला खाज सुटली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात भाव सात हजारांच्या आसपास आला तेव्हा विकावा लागला. पेरणी दारात आली होती, थांबता येत नव्हतं.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. "तेजी आहे" हे अर्धं वाक्य आहे. तेजी कधीपासून कधीपर्यंत, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. आणि आपल्याला पैसा ज्या दिवशी लागतो तो दिवस त्या मुदतीत बसत नसेल, तर ती तेजी खरी असूनही आपल्या कामाची नाही.

बैल आणि अस्वल

शेअर म्हणजे कंपनीतला हिस्सा. भाव चढेल असं मानणारा तो तेजीवाला, त्याला बुल म्हणजे बैल म्हणतात. उतरेल असं मानणारा तो मंदीवाला, बेअर म्हणजे अस्वल. बैल शिंगांनी वर उडवतो, अस्वल पंजा खाली मारतं, असा त्याचा अर्थ लावतात. मुंबईत दलाल स्ट्रीटवर २००८ साली काशाचा मोठा बैल बसवला. तो घडवणारे शिल्पकार भगवान रामपुरे आपल्या सोलापूरचे. त्याच वर्षी जानेवारीत सेन्सेक्स एकवीस हजारांवर गेला होता आणि ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली जाऊन आला.

हा सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा. आपण "सोयाबीनचा आजचा भाव" म्हणतो तसा बाजाराचा एक ढोबळ भाव समजा.

मंदीवाला भाव पडला तरी कमावतो. हाती नसलेला शेअर तो सकाळी विकतो, भाव उतरला की दुपारी स्वस्तात घेऊन हिशेब पुरा करतो. म्हणजे घरात धान्य नसताना विकण्यासारखंच. भाव चढला तर मात्र त्याला महागात घेऊन द्यावं लागतं, आणि भाव कुठवर चढेल याला वरून मर्यादा नसते.

एकाच आठवड्यातल्या तीन गोष्टी

२०२४ च्या जूनमधला एक आठवडा घेऊ. लोकसभेचे निकाल मंगळवारी ४ जूनला होते. मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज आधीच आले होते, म्हणून सोमवारी सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंकांनी चढला. मंगळवारी निकाल वेगळे लागले आणि तो सुमारे ४,४०० अंकांनी कोसळला. शुक्रवारी तो सोमवारच्याही वर गेला होता.

आता सांगा, त्या आठवड्यात तेजी होती की मंदी? मंगळवार एवढाच पाहिला तर मोठी मंदी. सोमवार ते शुक्रवार पाहिलं तर किंचित तेजी. सप्टेंबरअखेरपर्यंत पाहिलं तर जोरदार तेजी, कारण तेव्हा सेन्सेक्स ८५,००० च्या पुढे होता. आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाहिलं तर तो ७३,००० च्या आसपास, म्हणजे फिरून जवळजवळ त्या मंगळवारच्या जागी. चारही उत्तरं खरी आहेत.

मोबाइलवर शेअरचा आलेख दिसतो. त्यात पाच मिनिटांचा, दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा असे पर्याय असतात. पाच मिनिटांच्या आलेखात लाल दिसणारा शेअर महिन्याच्या आलेखात हिरवा दिसू शकतो. मांजरेला आज सकाळी वीतभर पाणी चढलं म्हणून यंदा पाऊस चांगला झाला असं आपण म्हणत नाही. आणि पावसाळा चांगला गेला म्हणून आज पाणी उतरणार नाही असंही म्हणत नाही. जाणकार लोक दोनशे दिवसांच्या भावाची सरासरी काढतात आणि आजचा भाव तिच्या वर आहे की खाली ते पाहून लांबची चाल ओळखायचा प्रयत्न करतात. तीही मागची गोष्ट सांगते. पुढची हमी देत नाही.

मुदतीप्रमाणे धंद्याच्या तऱ्हा आहेत. सकाळी घेऊन त्याच दिवशी विकणं म्हणजे इंट्राडे. काही दिवस किंवा आठवडे धरून विकणारे असतात. वर्षानुवर्षं ठेवणारा तो गुंतवणूकदार. आणि चौथी तऱ्हा म्हणजे वायदे आणि ऑप्शन. घरं बसली आहेत ती जास्त करून या चौथ्या तऱ्हेत.

ऑप्शन म्हणजे काय? जमिनीचा इसार तुम्हाला माहीत आहे. दहा लाखांच्या जमिनीला वीस हजार इसार दिला, मुदत ठरली. मुदतीत सौदा झाला नाही तर इसार बुडाला. ऑप्शन घेणं साधारण तसंच असतं, फक्त मुदत कधी कधी आठवड्याचीच असते. माणसाचा अंदाज बरोबर असतो, भाव चढतोही, पण पुढच्या आठवड्यात. तोवर त्याचा कागद शून्य झालेला असतो. दिशा बरोबर आणि मुदत चुकली, तरी पैसा पूर्ण जातो. आणि ऑप्शन विकणारा हा इसार घेणारा. त्याला मिळणारी रक्कम ठरलेली आणि थोडी असते, पण भाव उलटला तर इसाराच्या कैकपट भरावं लागू शकतं.

दोन तोंडांचं भाकीत

टेलिग्रामवर, यूट्यूबवर सल्ला देणारे एक वाक्य हमखास म्हणतात, "शॉर्ट टर्मला मंदी, लाँग टर्मला तेजी." ऐकायला अभ्यासू वाटतं. पण शॉर्ट टर्म म्हणजे किती दिवस? लाँग टर्म कुठे सुरू होते? ते सांगत नाहीत. भाव पडला तर "मी म्हणालोच होतो", चढला तरी "मी म्हणालोच होतो". मुलगा होईल असं बाईला सांगून भिंतीवर मुलगी लिहून ठेवणारा भविष्यवाला आपण ऐकलेला आहे. तारीख न घातलेलं भाकीत कधीच खोटं ठरत नाही, म्हणून ते भाकीतच नव्हे.

तीच खोड घरातही दिसते. माणूस सकाळी शेअर घेतो तो दुपारी विकायला. भाव चढला तर तासाभरात विकून थोडा नफा खिशात टाकतो. भाव पडला तर म्हणतो, "ठेवून देऊ, लाँग टर्मला चांगला आहे." म्हणजे नफा असेल तर मुदत तासाची आणि तोटा असेल तर मुदत पाच वर्षांची. तोटा कबूल करायचा नाही म्हणून मुदत लांबवली जाते, आणि त्या पाच वर्षांत अडकलेला पैसा असतो बाईच्या पाटल्यांचा.

आकडे काय सांगतात

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच हिशेब काढले आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य माणसं वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरली. त्यांतली शंभरातली ९३ तोट्यात गेली. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त. त्यांतल्या पाऊण भागाहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं होतं. आणि लागोपाठ दोन वर्षं तोटा होऊनही चारांतले तीन जण थांबले नाहीत. मग कमावलं कुणी? मुख्यतः संगणकाच्या जोरावर व्यवहार करणाऱ्या मोठ्या दलाली पेढ्यांनी आणि परदेशी संस्थांनी. दलाली आणि कर तर हरला-जिंकला दोघांकडूनही वसूल होतात.

इंट्राडेचं २०२२-२३ चं चित्र असं, की दहातले सात जण तोट्यात. वर्षात पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत दहातले आठ. जितकी मुदत छोटी आणि जितकी घाई जास्त, तितका तोटा नक्की. याच अभ्यासांत दिसलं की तोट्यात जाणाऱ्यांचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांपेक्षा काहीसं कमी आहे. पण म्हणून हुरळून जाऊ नका, बहुतेक बायकाही तोट्यातच आहेत.

मग लांब मुदत म्हणजे निर्धास्त? तसंही नाही. हर्षद मेहताच्या काळात, एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता. घोटाळा उघडकीला आला आणि तो कोसळला. एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, तो तीन हजारांच्या आसपासच होता. त्या काळात पहिलीतली मुलगी बारावीला गेली असेल. त्यानंतर पाच वर्षांच्या आत तो एकवीस हजारांवर गेला, हेही तितकंच खरं. जपानच्या बाजाराने १९८९ अखेरचा आपला उच्चांक पुन्हा ओलांडला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. आणि ही सगळी बाजाराच्या सरासरीची गोष्ट झाली. एकेकटी कंपनी तर एका दिवसात जाते. इथून फार लांब नसलेल्या हैदराबादच्या सत्यम कंपनीचा शेअर ७ जानेवारी २००९ ला, हिशेबातली लबाडी उघड झाली त्या एका दिवसात, तीन-चतुर्थांशांहून जास्त पडला.

मुदत ठरवतं कोण?

आता मुद्द्याचं बोलते. घरातल्या प्रत्येक पैशाला तारीख असते. पेरणीचा पैसा मृगाला लागतो. फीचा जूनमध्ये. बाळंतपणाचा ठरलेल्या महिन्यात. म्हातारपणाचा पैसा वीस वर्षांनी लागणार असेल, तर तो थोडा लांबच्या वाटेला लावता येतो. या तारखा घरात तोंडपाठ कुणाला असतात? बाईला. कोणत्या महिन्यात हात आखडता घ्यायचा, उसनं कधी फेडायचं, हे तिच्या डोक्यात असतं. तरीही पैसा कुठे आणि किती दिवस लावायचा हे ठरवताना तिला विचारत नाहीत. तेजीची मुदत तो ठरवतो, आणि ती चुकली की पोत मोडते तिची.

आपण ज्याला छळ म्हणतो त्यात हेही येतं. मी मनाने सांगत नाही, कायद्यात लिहिलेलं आहे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. बाईचा ज्यात हितसंबंध आहे अशी मालमत्ता, मौल्यवान वस्तू, शेअर, रोखे परस्पर विकणं, तिचं स्त्रीधन उडवणं, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून अशी विक्री थांबवणारा आदेश मागता येतो. आणि स्त्रीधन ही बाईची एकटीची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की नवरा अडचणीत ते वापरू शकतो, पण परत करणं त्याचं कर्तव्य आहे. ऑप्शनमध्ये बुडालेली पोत ही "घरासाठी केलेली खटपट" म्हणून सोडून द्यायची नाही.

दुसरी गोष्ट खात्याची. पुष्कळ घरांत डीमॅट खातं बाईच्या नावाने उघडलेलं असतं. नव्या कंपनीच्या शेअरसाठी घरातून दोन-तीन अर्ज करता यावेत म्हणून, किंवा आणखी कशासाठी. खातं तिचं, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा. ओटीपी त्याच्याकडे जातो, विक्री तो करतो. आणि तोटा होऊन पैसे भरायची वेळ आली की नोटीस येते तिच्या नावाने, कारण कागदावर व्यवहार तिचा आहे. सही करण्याआधी एवढं पाहा: मोबाइल नंबर कुणाचा, ईमेल कुणाचा, वारसाचं नाव कोणतं, आणि वायदे-ऑप्शनची परवानगी चालू आहे का. ती नको असेल तर बंद करायला सांगता येते. डिपॉझिटरीकडून खात्याचं विवरण येतं, ते आपल्या हातात आलं पाहिजे.

गटाने काय करावं

बचत गटात कर्ज मागायला बाई आली की आपण विचारतो, कशासाठी, किती दिवसांसाठी, कसं फेडणार. हेच प्रश्न घरातल्या तेजीवाल्याला विचारायचे.

पहिला प्रश्न, ही तेजी किती दिवसांची? तारीख सांगा. दुसरा, यात जो पैसा घालता आहात तो आपल्याला कधी लागणार आहे? पैशाची तारीख आधी आणि तेजीची नंतर असेल तर विषय संपला. तिसरा, अंदाज चुकला तर जास्तीत जास्त किती जाईल आणि कुठे थांबायचं? हे आधी कागदावर लिहून घ्या, नंतर मुदत बदलायची नाही. चौथा, सल्ला देणाऱ्याला यात काय मिळतं आणि त्याची सेबीकडे नोंदणी आहे का? फसवणूक झाली तर सेबीच्या स्कोअर्स या व्यवस्थेत तक्रार करता येते. ती गटातल्या शिकलेल्या मुलीने भरून द्यावी.

आणि गटांनी एक ठराव करावा असं मी सुचवते: बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन यासाठी घेतलेलं गटाचं कर्ज बाजारात जाणार नाही. गेलं तर ते त्या बाईचं पाप समजून तिला फैलावर घ्यायचं नाही. तिच्यासोबत चार जणींनी तिच्या घरी जायचं.

कुणी म्हणेल, मग बायकांनी शेअरपासून लांबच राहावं का? अजिबात नाही. जमीन आपल्या नावावर हवी म्हणून आपण भांडलो, आणि कंपन्यांतला हिस्सा हीसुद्धा मालमत्ताच आहे. जिच्याकडे पाच-दहा वर्षं न लागणारा पैसा आहे, तिने शिकावं, थोडं थोडं घालावं, स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या सहीने. पण पेरणीचा, फीचा आणि दवाखान्याचा पैसा बाजारात नको, मग कुणी कितीही मोठा आलेख दाखवो.

आता जेवणाआधी अर्धा तास आहे. ज्यांच्या घरी अशी खाती आहेत त्यांनी मोबाइल घेऊन पुढे या. खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे ते आपण एकेकीचं बघू.